कान दोनच, आवाज आठ
अंबाजोगाईच्या घरी रात्री अकरानंतर स्पीकर लावायची सोय नाही, त्यामुळे सिनेमा, गेम सगळं हेडफोनवर. धाकटा भाऊ खोक्यावर ‘७.१’ छापलेला महागडा हेडसेट घ्यायला निघाला होता. म्हटलं, थांब रे! आवाज मागचा की पुढचा हे मेंदूला कळतं ते मुख्यतः कानाच्या बाहेरच्या वळणांमुळे, आणि ती प्रत्येकाची वेगळी. ते गणित सॉफ्टवेअर करतं, साध्या स्टिरिओ हेडफोनवरसुद्धा. ‘हेसुवी’ फुकट आहे. विंडोजमध्ये ७.१ निवडायचं, गेममधला हेडफोन मोड बंद (नाहीतर दुहेरी प्रक्रिया होऊन आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो!) आणि एकेक प्रीसेट ऐकत बसायचं. पाचव्या प्रीसेटला भावाने दचकून मागे पाहिलं. मला मात्र त्यात पावलं अजून समोरूनच येतात.