किल्ली खिशातच राहिली

मुलांनो, एक प्रश्न विचारतो. उत्तर मात्र खरं खरं द्यायचं हं!

रस्त्याच्या कडेला एक सायकल उभी आहे. मागच्या चाकाच्या कुलपात किल्ली तशीच लटकते आहे. म्हणजे मालक कुलूप लावायलाच विसरला. आजूबाजूला कुणी नाही. तुम्ही काय कराल?

हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला. त्याला कारणही तसंच घडलं. मधल्या सुट्टीत एक मुलगा धापा टाकत माझ्याकडे आला आणि टेबलावर एक किल्ली ठेवली.

"सर, रस्त्यावर एक सायकल उघडीच होती. कुणी बी नेली असती! मी कुलूप लावलं आन् किल्ली तुमच्याकडं आणली."

त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट दिसत होती. मी शाबासकी दिली नाही, रागावलोही नाही. किल्ली उचलली आणि सरळ रस्त्याकडे पळत सुटलो. सर पळताहेत हे बघून पोरं खो खो हसायला लागली. सायकलीजवळ आठवीतली एक मुलगी उभी होती. भावाची विसरलेली वही द्यायला ती दोन मिनिटं आमच्या शाळेत आली होती. आता ती कधी दप्तर उपसत होती, कधी वाकून मातीत बघत होती. डोळे भरून आले होते. मी किल्ली दिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सर, मला वाटलं माझ्याकडूनच हरवली. घरी काय सांगू, कळत नव्हतं."

सायकल म्हणजे अशा मुलींची शाळाच असते बरं का! आपल्या राज्यातल्या निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. गावात आठवीचा वर्ग नसेल, एस.टी. वेळेवर येत नसेल, तर ती दोन चाकंच मुलीला शाळेत पोचवतात.

मी वर्गात परत आलो. किल्ली आणणारा मुलगा हिरमुसून बसला होता. मग मी वर्गाला माझीच एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. हसू नका मात्र.

माझं बालपण नारायणगडाच्या पायथ्याशी गेलं. बीड जिल्ह्यातला हा गड. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. आमच्याकडे त्याला 'धाकटी पंढरी' म्हणतात. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, अशी पुष्कळ माणसं इथे येतात. टाळ-मृदंग, चिखल, छत्र्या, केळीवाले, पिपाण्यावाले... नुसती धमाल!

२००१ सालची आषाढी. मी सहावीत होतो. मी आणि माझा मित्र गर्दीत भटकत होतो. एका लिंबाच्या झाडाला टेकवलेली सायकल दिसली. काळी, दणकट, कॅरिअरला दुधाची रिकामी कॅन बांधलेली. आणि कुलपात किल्ली!

मित्र म्हणाला, "आरं, चोरी व्हईल की!"

मी खटका दाबला. कट्ट! किल्ली हातात आली. आम्हाला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं आपण, तेही एकादशीला! पण आता खरं सांगतो. त्या पुण्यात थोडी गंमतही मिसळलेली होती. मालक येईल, खिसे चाचपेल, त्याची घाबरगुंडी उडेल आणि मग आम्ही ऐटीत किल्ली काढून म्हणू, "काका, जरा ध्यान ठेवत जा!" मोठ्या माणसाला उपदेश करायची संधी लहान मुलाला रोज कुठे मिळते?

आम्ही दगडावर बसून राहिलो. मालक काही येईना. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, पलीकडे साबुदाण्याची खिचडी वाटताहेत! आम्ही उठलो, रांगेत घुसलो. खिचडी खाल्ली, परत रांगेत घुसलो. मग दिंडी आली, तिच्यामागे गेलो. किल्ली खिशात होती, पण डोक्यात नव्हती.

परत आलो तेव्हा झाडाखाली सायकल नव्हती.

शेजारचा पानटपरीवाला म्हणाला, "गेला की तो दूधवाला. किल्लीच घावली नाही त्याला. एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं मागलं चाक उचललं आन् चालत निघाला बिचारा."

माझ्या पोटात गोळा आला. घरी गप्प बसलो. पण रात्री आईने सदरा धुवायला घेतला आणि खिशातून किल्ली खाली पडली. अण्णांनी विचारलं, "कुणाची रं ही?" मग सगळं सांगावं लागलं.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सकाळी जाऊ. द्यायला पाहिजे."

पानटपरीवाल्याकडून वाडीचं नाव कळलं. पाच-सहा किलोमीटरची वाट. मागचं चाक उचलून एवढं अंतर तो माणूस कसा गेला असेल, हे मला चालता चालता पायांनीच कळलं.

दूधवाले काका गोठ्यापाशी होते. सायकल भिंतीला टेकवलेली. कुलूप दगडाने फोडलेलं, चाकाच्या दोन तारा वाकलेल्या. अण्णा म्हणाले, "सांग." मी सांगितलं. काका ऐकत राहिले. आदल्या दिवशी त्यांना घरी पोचायला अंधार पडला होता. संध्याकाळची धार उशिरा निघाली आणि डेअरीची गाडी निघून गेली. तेवढं दूध त्या दिवशी वाया गेलं.

"कुलपाचं काय नाही रे लेकरा," ते म्हणाले. "दुधाचं बी नाही. पण माझ्याकडनं एक वाईट झालं. झाडाजवळ एक पोरगं पिपाण्या विकत हुतं. मला वाटलं, त्यानंच काढली किल्ली. मी त्याला धरलं. 'नाही, नाही' म्हणत हुतं. मी थोबाडीत दिली त्याच्या."

मुलांनो, ती थोबाडीत माझी होती. खाल्ली त्या पोराने.

अण्णांनी काकांना नवं कुलूप घेऊन दिलं. त्याचे पैसे मी पोळ्यापर्यंत शेतात खुरपून फेडले. दूधवाल्या काकांचा हिशेब चुकता झाला. पण तो पिपाणीवाला? पुढच्या आषाढीला मी त्याला शोधलं. त्याच्या पुढच्याही. कधीच सापडला नाही. कुठल्या गावचा होता कोण जाणे! आज तोही माझ्याएवढाच असेल.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग अगदी शांत होता. मग एकेकाने तोंड उघडलं.

एक जण म्हणाला, "पण सर, कुलूप नीट लावलं नाही ही त्यांचीच चूक ना?"

चूक होती, मान्य. पण कुलूप लावलं नाही म्हणून सायकल आपली होते का? आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथे घरांना दारं-कुलपं न लावण्याची जुनी प्रथा आहे. २०११ साली एका बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर चर्चा झाली. दार नाही म्हणून कुणाचंही घर कुणाचंही होत नाही. कुलूप फक्त अडवतं. वस्तू कुणाची, हे कुलूप ठरवत नाही.

आणि एक गंमत ऐका. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात १९६५ साली काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि मुद्दाम बिनकुलपाच्या रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झालं की सोडून द्यावी! पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण तिथल्या नियमाप्रमाणे सायकल बिनकुलपाची ठेवायला मनाई होती. पण त्या सायकलींना हात लावणारा चुकत नव्हता. का? तर मालकानेच तसं सांगितलं होतं. पांढरा रंग म्हणजे परवानगी. विसरलेली किल्ली म्हणजे परवानगी नव्हे.

दुसरा म्हणाला, "सर, एक चक्कर मारून परत ठेवली तर?"

यावर मी त्यांना विमानाची हकीकत सांगितली. १४ मे १९५२ ची गोष्ट. जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतून एका शिकाऊ तरुणाने परवानगी नसलेलं हार्वर्ड विमान उडवलं. ते जाऊन उतरलं थेट पाकिस्तानात! खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ साली न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे, विनापरवाना नेली, तर ती थोड्या वेळापुरती नेली तरी चोरीच. जे विमानाचं, तेच सायकलचं.

तिसऱ्याने विचारलं, "आकड्यांचं कुलूप असलं तर उघडून बघायचं का? न्यायची नाही, नुसतं बघायचं!"

हा माझा गणिताचा तास झाला. तीन चकत्या, प्रत्येकीवर शून्य ते नऊ. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एक हजार आकडे. एकेकाला दोन सेकंद धरली तर दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटांच्या आसपास. पण कितीतरी जण आळसाने शेवटची एकच चकती फिरवतात. मग उरतात फक्त दहा आकडे! म्हणून आपलं कुलूप लावताना तिन्ही चकत्या फिरवा. साखळी नुसती चाकात अडकवू नका. चाक, सायकलचा दांडा आणि एखादा पक्का खांब असं तिघांना एकत्र बांधा. हे ज्ञान आपल्या सायकलीवर वापरायचं. दुसऱ्याचं कुलूप म्हणजे आपल्या अभ्यासाची पाटी नव्हे.

शेवटी किल्ली आणणारा मुलगाच उठला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सर, मग बघून न बघितल्यासारखं करायचं का? खरंच चोरीला गेली असती तर?"

प्रश्न चोख होता. मी फळ्यावर एकच ओळ लिहिली, 'मालक परत येईल तेव्हा त्याला काय दिसेल?'

मग आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर तयार केलं. पहिल्यांदा हाक मारायची, "ही सायकल कुणाची?" दहातल्या नऊ वेळा मालक हाकेच्या अंतरावर असतो. कुणी आलं नाही, तर वेळ असेल तोवर जवळ थांबायचं. थांबता येत नसेल, तर शेजारच्या दुकानदाराला नाहीतर घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, "किल्ली राहिलीय, जरा लक्ष ठेवा." आणि अंधार पडत आलाय, किल्ली काढावीच लागली, तर ती घेऊन निघून जायचं नाही. शेजारच्या दुकानात ठेवायची आणि हँडलला चिठ्ठी बांधायची, 'किल्ली समोरच्या दुकानात आहे.' खाली आपलं नाव लिहायचं.

"नाव कशाला?" एकीने विचारलं.

उत्तर तिच्या शेजारणीनेच दिलं, "म्हणजे दुसऱ्याला मार बसणार नाही."

बघा, केवढी शहाणी पोरं! मला जे कळायला थोबाडीत मारलेल्या एका पोराची आठवण लागली, ते त्यांना एका तासात कळलं. मदत आणि खोडी कधीकधी अगदी सारख्या दिसतात. दोघींतही हात दुसऱ्याच्या वस्तूलाच लागतो. पण मदत आपलं नाव सांगते. खोडी लपून बसून गंमत बघते. आमच्या किल्लीत निम्मी मदत होती, निम्मी खोडी. खिचडीच्या रांगेत मदत विसरली गेली आणि उरली ती खोडीच.

शाळा सुटल्यावर तो मुलगा त्या ताईची वाट बघत रस्त्यावर थांबला. ती आली तसा पुढे झाला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती आधी रागावली, मग हसली आणि त्याला कॅरिअरवर बसवून गावाच्या कमानीपर्यंत सोडलं.

तो वेळेवर थांबला, म्हणून त्याला ती भेटली. मी अजूनही आषाढीला गडावर जातो. दर्शन झालं की लिंबाच्या झाडापाशी येतो, एक पिपाणी विकत घेतो आणि विकणाऱ्याचा चेहरा जरा निरखून बघतो.