म्युरेनची सपाट वाट

कळसूबाईच्या माथ्याची उंची १,६४६ मीटर. स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातील म्युरेन हे गाव जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, म्हणजे १,६३८ मीटरवर वसलेले आहे. कळसूबाईला लोखंडी शिड्या चढून जावे लागते. म्युरेनला मात्र ऐंशी वर्षांची बाई हातात काठी आणि खांद्याला पर्स अडकवून रोपवे आणि छोट्या आगगाडीने सुखरूप पोहोचू शकते. माझी आई पोहोचली, म्हणूनच आपल्याशी हे बोलण्याचे धाडस करते आहे.

विषय धावण्याच्या वाटांचा आहे, हे ऐकून आपण पान उलटू नये. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक माणूस असे असते की ज्याला जपून पावले टाकावी लागतात, आणि दुसरे असे, की ज्याची पावले त्या पहिल्या माणसापायी थांबलेली असतात. चार वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याची शस्त्रक्रिया झाली, ती हिंडू-फिरू लागली. पण माझे पहाटेचे धावणे सुटले ते सुटलेच. तिला एकटे ठेवून अर्धा तासही बाहेर राहण्याची माझी तयारी नव्हती. ज्यूरिखला असलेल्या भावाने बोलावले तेव्हा धावण्याचे बूट मी बॅगेच्या तळाशी, शालीच्या खाली ठेवले होते. ते का दडवले, हे मलाही नीटसे सांगता येणार नाही.

म्युरेनला जाण्यासाठी आधी लाउटरब्रुनेनला यावे लागते. प्राचीन हिमनदीने कोरून काढलेली ही खोल दरी. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मध्ये सपाट कुरणे. गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाखचा धबधबा सुमारे २९७ मीटर उंचीवरून सुटतो आणि खाली येता येता त्याचे पाणी धुक्यासारखे विरते. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये येथे आला होता आणि या धबधब्यावरून त्याला एक कविता सुचली. दरीच्या तळातून श्टेखेलबर्गपर्यंत जाणारी सहाएक किलोमीटरची वाट ही या भागातील सर्वांत सपाट वाट. नवशिक्या धावकाने येथूनच सुरुवात करावी. त्याच दिशेने बसही जाते. तेव्हा घरातील ज्येष्ठ बसने आणि धावणारा पायी, असे दोघे पुढच्या थांब्यावर भेटू शकतात. वाटेत ट्र्युमेलबाखचे धबधबे लागतात. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी तेथे डोंगराच्या पोटातून, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत, गर्जत कोसळते. दृश्य विलक्षण आहे. पण आत लिफ्ट असली तरी ओल्या पायऱ्या आणि बोगदे आहेत. ज्यांचा तोल डळमळीत आहे त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून नुसता आवाज ऐकावा.

आता मुख्य वाट. लाउटरब्रुनेनहून रोपवे आपल्याला काही मिनिटांत जवळजवळ सातशे मीटर वर, ग्र्युचाल्पला आणून सोडतो. कान दडे बसल्यासारखे होतात. तोंडात लिमलेटची गोळी ठेवावी, म्हणजे गिळताना ते मोकळे होतात. ग्र्युचाल्पहून म्युरेनला १८९१ पासून अरुंद रुळांची आगगाडी जाते. कड्याच्या काठाने चाललेली ही गाडी, आणि तिला सोबत करत जाणारी साडेचार किलोमीटरची रुंद, खडीची पाऊलवाट. एवढ्या अंतरात चढ केवळ दीडशे मीटरचा. मध्यावर विंटरएग नावाचे स्थानक, तेथे उपाहारगृह. ज्या घरात एकजण धावतो आणि दुसऱ्याला बसावे लागते, त्या घरासाठी याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही.

तरीही पहिल्या सकाळी मी ग्र्युचाल्पच्या फलाटावर घुटमळत होते. गाडी लागली होती. आई आत जाऊन खिडकीशी बसली आणि म्हणाली, “अगं, मी काय आता पळून जाणार आहे? बूट आणलेस ते मला ठाऊक आहे. शाल काढताना दिसले. तू ये पळत, मी विंटरएगला उतरते.”

दार मिटले आणि गाडी वळणाआड गेली. मी पळत सुटले ते वाट सुंदर होती म्हणून नव्हे, तर भीतीने. ती उतरताना अडखळली तर? चुकून म्युरेनपर्यंत पुढेच गेली तर? सुरुवातीचा भाग सूचिपर्णी झाडांतून जातो, ओढ्यांवरचे छोटे पूल लागतात. त्यांतले मला काहीही आठवत नाही. दम मात्र लवकर लागला. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांशाइतकाच असतो, त्यामुळे नेहमीच्याच वेगाला हृदय अधिक धडधडते. पहिले दोन-तीन दिवस आपणही एकच कसोटी लावा: धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नाही आले, तर चाला. मी चालू लागले, आणि तेव्हा झाडी संपली. दरीपलीकडे तिन्ही शिखरे एका ओळीत उभी होती: आयगर ३,९६७ मीटर, म्योंख ४,११० आणि युंगफ्राउ ४,१५८. विंटरएगला पोहोचले तेव्हा आई उन्हात बसून कॉफीत साखर ढवळत होती. “एवढी घाई कशाला केलीस?” एवढेच म्हणाली.

तेथून पुढे रोजचा तोच नेम झाला. तिला गाडीत बसवायचे, आपण वाटेने निघायचे. चौथ्या दिवशी मी वाटेत थांबून गाईंच्या गळ्यातील घंटा ऐकल्या, यावरून माझी भीती किती उतरली ते आपण ओळखाल.

या वाटांवरील पाट्यांविषयी थोडे सांगते, कारण त्यांत फसगत होऊ शकते. पिवळ्या पाटीवर अंतर नसते, वेळ असतो. आणि तो वेळ सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर चालणाऱ्या निरोगी माणसाचा, विश्रांती न धरता काढलेला असतो. ज्येष्ठांनी तो निर्धास्तपणे दुप्पट किंवा तिप्पट धरावा. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की ती डोंगरवाट. तेथे पक्की पावले आणि चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर आपल्या वयाच्या माणसांनी मागे फिरावे. गावातील कुंडांचे वाहते पाणी पिण्याजोगे असते. नसेल तेथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी लावलेली असते. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून घड्याळ लावून पाणी प्यावे. ढग असले तरी टोपी आणि गॉगल सोडू नये. उंचीवरचे ऊन मऊ वाटते, पण त्वचा भाजते.

आता माझी चूक. म्युरेनहून गिमेलवाल्ड या खालच्या गावापर्यंत डांबरी, वाहनांची वर्दळ नसलेला रस्ता जातो. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, सगळा उतार, आणि खाली रोपवेचे स्थानक. चढ नाहीच तर आईला काय त्रास, असे मी मनाशी ठरवले आणि तिला चालवत नेले. अर्ध्यावर तिच्या मांड्या थरथरू लागल्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात आणि गुडघ्यावरचा भार चढापेक्षा वाढतो. तोल जाण्याचा धोकाही उतारावरच अधिक. हे मला वाचून ठाऊक होते. पावणेतीनशे मीटरचा उतार म्हणजे नव्वद मजल्यांचा जिना, हा हिशेब मात्र मी केला नव्हता. आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बराच वेळ बसून राहिलो. मग दोन्ही हातांत काठ्या देऊन, नागमोडी चालत, दहा पावलांना थांबत तिला खाली नेले आणि रोपवेने परतलो. पुढचे दोन दिवस तिला खुर्चीतून उठताना आधार लागला. तिने तक्रार केली नाही, आणि तेच मला अधिक लागले. ज्येष्ठांना न्यायचेच असेल तर वर गाडीने जाऊन खाली चालत येण्याचा मोह टाळा. चढ हलका असेल तर उलट करा.

गावातून आल्मेंटहूबेलला जाणारी फ्युनिक्युलर आहे, वणीच्या गडावर आहे तशीच. वर १,९०७ मीटरवर फुलांची एक छोटी फेरी आहे. जून-जुलैमध्ये ती नजर ठरू देत नाही. दरीपलीकडे, वेंगेनच्या वर, मेनलिशेनहून क्लाइने शाइडेगपर्यंत साडेचार किलोमीटरची वाट हलक्या उताराने जाते. बाबागाड्या ढकलणारी कुटुंबे तेथे दिसतात. धावणाऱ्याला ती फार आवडेल, पण उंची दोन हजारांपलीकडची आहे हे ध्यानात असू द्या. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला आपल्याकडचे बहुतेक प्रवासी जातातच. आम्ही गेलो नाही. तेथे प्राणवायू सुमारे एक-तृतीयांशाने कमी मिळतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिकीट काढू नये. माझे मत विचाराल तर, त्या शिखराच्या पोटात उभे राहण्यापेक्षा समोरून त्याच्याकडे पाहण्यात अधिक सुख आहे.

सप्टेंबरमध्ये गेलात तर याच दरीत युंगफ्राउ मॅरेथॉनचे धावक दिसतील. १९९३ पासून ही शर्यत होते. इंटरलाकेनहून निघून वेंगेनमार्गे डोंगर चढणारी ती माणसे निराळ्याच मातीची. त्यांच्याशी बरोबरी करण्याचे आपल्याला कारण नाही. जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा वाट सकाळीच संपवावी. प्रवासविमा काढताना जुने आजार लपवू नका. रुग्णवाहिकेसाठी १४४ हा क्रमांक आहे. तो मी आईच्या पर्समध्ये चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी आई विंटरएगहून म्युरेनपर्यंत चालते म्हणाली. मी नको म्हटले. गिमेलवाल्डचा दगड डोळ्यांसमोर होता. “हा उतार नाही,” ती म्हणाली, आणि ते खरेच होते. पाटीवर तासाच्या आतला वेळ लिहिलेला होता. आम्हांला दोन तास लागले. प्रत्येक बाकावर बसलो. समोरून येणारे लोक त्यांच्या बोलीत ‘ग्रुएसेख’ म्हणत. आई नमस्कार करी.

तिसऱ्या बाकावर तिने काठी आडवी ठेवली. “तू त्या वळणापर्यंत पळून ये,” ती म्हणाली, “मी आहे इथे.” मी गेले, वळणावरून मागे पाहिले नाही, आणखी एक वळण घेतले. परत आले तेव्हा तिच्या शेजारी तिच्याच वयाची एक स्विस बाई बसली होती. दोघींमध्ये चिवड्याचा डबा उघडा होता आणि ती बाई बोटाने एकेक शेंगदाणा वेचून खात होती.