भांडण फोनचे, झळ मोहरीला

वाचकहो, मोहरीच्या शेताचा आणि तुमच्या खिशातल्या फोनचा काय संबंध, असे कुणी विचारले तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण संबंध आहे, आणि तो चांगलाच महागात पडलेला आहे. माझी नोकरीची सगळी वर्षे तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात गेली आणि घरी चार एकर सोयाबीन असते. त्यामुळे एक कान तारेकडे आणि एक डोळा बाजारभावाकडे, अशी सवयच जडली आहे. या दोन्हींची गाठ एका ठिकाणी पडलेली पाहिली ती दूर कॅनडात. ती हकिगत आज तुम्हांला सांगतो.

कॅनडात कनोला नावाचे पीक घेतात. ते मोहरीच्याच कुळातले. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात जुन्या वाणातले अपायकारक आम्ल आणि कडूपणा कमी करून ते खाद्यतेलासाठी तयार केले. सॅस्कॅचेवान, अल्बर्टा, मॅनिटोबा या प्रांतांत उन्हाळ्यात नजर जाईल तिथवर पिवळीधमक शेते असतात. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी, आणि माल शेतावरच्या लोखंडी कणग्यांत भरून ठेवायचा. मग भाव बघून बाहेर काढायचा. आपल्यासारखेच. परदेशी जाणाऱ्या कनोलाच्या दाण्यातला सुमारे चाळीस टक्के माल एकटा चीन घेत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता फोनकडे या. चीनमधली हुवावे ही कंपनी रेन झेंगफेई या माजी लष्करी अभियंत्याने १९८७ साली शेन्झेन शहरात काढली. सुरुवातीला ती टेलिफोनची एक्स्चेंजे विकत असे. शहरांत मोठमोठ्या परदेशी कंपन्या ठाण मांडून बसलेल्या. तेव्हा हिने खेड्यांची वाट धरली. जिथे धूळ, उंदीर आणि विजेचा लपंडाव, तिथे टिकेल असे स्वस्त यंत्र द्यायचे. एक्स्चेंजातला माणूस म्हणून मला या धंद्याचे कौतुक वाटते. गावच्या एक्स्चेंजात उन्हाळ्यात यंत्र तापले की काय होते ते मी भोगले आहे. आपल्याकडेही त्याच सुमारास सी-डॉटने गावासाठी १२८ जोडण्यांचे, वातानुकूलन न लागणारे छोटे एक्स्चेंज बनवले होते. असो. खेड्यांतून निघालेली ही चिनी कंपनी पुढे जगभर पसरली आणि भ्रमणध्वनीची यंत्रणा पुरवण्यात पहिल्या क्रमांकावर गेली.

२०१८ च्या जुलैत अमेरिका आणि चीन यांच्यात जकातीचे युद्ध सुरू झाले. अमेरिकेने चिनी मालावर जकात बसवली, चीनने उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के बसवली. अमेरिका चीनला वर्षाला सुमारे १२ अब्ज डॉलरचे सोयाबीन विकत होती, ते २०१८ मध्ये सुमारे ३ अब्जांवर आले. ब्राझीलच्या शेतकऱ्याचे फावले. आणि याच धुमश्चक्रीत १ डिसेंबर २०१८ ला कॅनडातल्या वॅन्कुव्हर विमानतळावर हुवावेच्या संस्थापकांची मुलगी आणि कंपनीचा हिशेब सांभाळणाऱ्या मेंग वानझू यांना अटक झाली. अटक केली कॅनडाने, सांगितली अमेरिकेने. इराणशी असलेल्या व्यवहाराबद्दल बँकेची दिशाभूल केली, असा आरोप होता. आरोप खरा की खोटा हे कोर्टाचे काम. पण दहा दिवसांतच अमेरिकेच्या अध्यक्षांनी मुलाखतीत सूचित केले, की चीनशी व्यापाराचा करार साधत असेल तर आपण या खटल्यात लक्ष घालू. म्हणजे कोर्टाचा कागद आणि बाजाराचे बिल एकाच तागडीत आले.

चीनने दोन कॅनडावासी माणसांना ताब्यात घेतले. पुढे मार्च २०१९ मध्ये कॅनडाच्या दोन मोठ्या धान्य-कंपन्यांचा कनोलाचा परवाना बंद केला. कारण दिले, मालात कीड सापडली! कॅनडाने पुन्हा तपासले, त्यांना काही आढळले नाही. तुम्हीच विचार करा, मार्च महिना म्हणजे कणग्या अजून रिकाम्या व्हायच्या आहेत आणि मे महिन्यात काय पेरायचे ते ठरवायचे आहे. ज्याने हुवावेचा फोन कधी हातातही धरला नसेल, अशा माणसाच्या अंगणात हे भांडण येऊन बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसे. कॅनडा सरकारने मदत केली ती कर्जाची मर्यादा वाढवून: दहा लाख डॉलरपर्यंत उचल, आणि कनोलावाल्याला पहिल्या पाच लाखांवर व्याज नाही. अमेरिकेने मात्र आपल्या शेतकऱ्यांना दोन वर्षांत एकूण २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. व्याज माफ झाले तरी कर्ज ते कर्जच. आपल्या घरांना हा फरक समजावून सांगायला नको.

कंपनीचे काय झाले? मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुवावेला काळ्या यादीत घातले. अमेरिकी कंपन्यांनी तिला परवान्याशिवाय काही विकायचे नाही. इथे परदेशात धंदा करणाऱ्या कंपनीची खरी नस कुठे असते ते दिसते. फोन चीनचा, पण त्यातला मेंदू, म्हणजे चिप, तैवानच्या कारखान्यात अमेरिकी यंत्रांवर बनलेली, आणि त्यातली गुगलची सोय अमेरिकेची. चीनमध्ये गुगल नव्हतेच, त्यामुळे घरच्या गिऱ्हाइकाला फरक पडला नाही. पण युरोपातल्या माणसाने नवा फोन घेतला, तर त्यात नकाशा नाही, ओळखीचे दुकान नाही. बैलजोडी कितीही देखणी असली तरी जू दुसऱ्याचे असेल, तर तो म्हणेल त्या दिवशी औत थांबणार. सप्टेंबर २०२० मध्ये तैवानकडून चिप येणेही बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने आपला ऑनर हा स्वस्त फोनांचा धंदा विकून टाकला. २०२० ची ८९१ अब्ज युआनची उलाढाल २०२१ मध्ये ६३७ अब्जांवर आली.

मात्र जे विकायला बंदी झाली, ते विकणारेही होतेच की! २०१८ मध्ये हुवावेने अमेरिकी कंपन्यांकडून सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल घेतला होता. ते गिऱ्हाईक गेले. अशा कंपन्यांपैकी एक मायक्रॉन, स्मृतीच्या चिपा बनवणारी. हिची जन्मकथा शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. ही कंपनी १९७८ मध्ये आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी निघाली, बटाट्याच्या मुलखात. तिला सुरुवातीच्या अडचणीत भांडवल दिले ते जे. आर. सिम्प्लॉट या बटाट्याच्या बागाइतदाराने, ज्याचे गोठवलेले बटाटे मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांत जात. म्हणजे बटाट्याच्या पैशावर चिप उगवली! मे २०२३ मध्ये चीनने उलट टोला दिला आणि आपल्या महत्त्वाच्या यंत्रणांत मायक्रॉनचा माल वापरायला बंदी केली.

हुवावे बुडाली का? नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने चीनमध्येच बनलेल्या चिपेचा फोन बाजारात आणला. नाकारलेली वस्तू घरी बनवायची ही खुमखुमी आपल्यालाही ठाऊक आहे. अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या हाताखाली १९९१ मध्ये ‘परम’ उभा राहिला. भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातले. पण कबूल केले पाहिजे, की मोठ्या कंपनीजवळ असे दम धरायला पैसा आणि पाठीशी सरकार असते. कणगीतल्या मालाला तेवढा दम नसतो.

अमेरिकेच्या खेड्यांतही एक गंमत झाली. गंमत कसली, फजितीच. विरळ वस्तीच्या भागांत मोठ्या कंपन्या जात नाहीत, तिथे लहान लहान टेलिफोन कंपन्यांनी परवडतो म्हणून हुवावेचाच माल बसवला होता. २०२० च्या कायद्याने तो काढून टाकायला सांगितले. चालते यंत्र मनोऱ्यावर चढून उतरवायचे आणि दुसरे बसवायचे! मी मनोऱ्याखाली उभा राहून दोर धरलेला माणूस आहे, या कामाचे ओझे मला कळते. सरकारने १.९ अब्ज डॉलर दिले, आणि अंदाज निघाला जवळजवळ ५ अब्जांचा. उरलेल्या ३ अब्जांची तरतूद व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. तोवर त्या रानातल्या रँचवाल्याचा फोन लागतो आहे की नाही, ही चिंता त्या लहान कंपनीची.

मेंगबाई सप्टेंबर २०२१ मध्ये सुटून घरी गेल्या, त्याच दिवशी ते दोन कॅनडावासीही सुटले. कनोलाचा परवाना मात्र लगेच मिळाला नाही, त्याला मे २०२२ लागला. माणसे विमानाने परततात, गिऱ्हाईक परतायला पायी येते.

आणि पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने चीनच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींवर १०० टक्के जकात लावली. मार्च २०२५ मध्ये चीनने कनोलाचे तेल, पेंड आणि वाटाणा यांवर १०० टक्के लावली, ऑगस्टात कनोलाच्या दाण्यालाही सुमारे ७६ टक्क्यांचा भार घातला. या वेळी फोनच्या जागी मोटार होती, कणग्या त्याच. जानेवारी २०२६ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान बीजिंगला गेले, तेव्हा बोलणी झाली ती किती मोटारी येऊ द्यायच्या आणि त्याबदली मोहरीवरची जकात किती उतरवायची, यावर.