उरलेल्या रंगाची साठवण

दसरा-दिवाळीच्या आधी नाशिकमधील घराघरांत रंगकाम निघते, कारण पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती आश्विनातील कोरड्या हवेत वाळू लागतात आणि सणाचे निमित्तही हाताशी असते. काम आटोपल्यावर थोडा रंग उरतोच. खिळ्याचे भोक बुजवल्यावर किंवा नळदुरुस्तीसाठी फोडलेली भिंत पुन्हा रंगवताना तो उपयोगी पडेल, या हेतूने डबा माळ्यावर जातो आणि दोन वर्षांनी उघडला की आत घट्ट गोळा किंवा कुबट वासाचे पाणी सापडते. या नासाडीचे खापर बहुधा रंगाच्या वयावर फोडले जाते. वस्तुतः काळामुळे रंग जितका बिघडतो, त्याहून अधिक तो रंगकामाच्या शेवटच्या दिवशी डब्यात राहून गेलेल्या हवेमुळे, मिसळलेल्या पाण्यामुळे आणि ब्रशवरून आलेल्या मळामुळे बिघडतो, आणि म्हणून साठवणीचा विचार रंगारी घरात असतानाच व्हायला हवा.

घरगुती रंगात मुख्यतः तीन घटक असतात: छटा व झाकणक्षमता देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा बंधक, आणि हे मिश्रण ब्रशने पसरवता यावे म्हणून घातलेले टर्पेंटाइन किंवा पाणी. दरवाजे, खिडक्या व लोखंडी ग्रिलसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑइल पेंटमधील टर्पेंटाइन आधी उडून जाते आणि मग त्यातील तेलयुक्त राळ हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण होते. भिंतींसाठीच्या इमल्शनमध्ये, म्हणजे बोलीतील प्लॅस्टिक पेंटमध्ये, राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात व पाणी निघून गेले की ते एकमेकांना चिकटून सलग थर तयार करतात. त्यामुळे ऑइल पेंटला जपायचे ते हवेपासून, आणि इमल्शनला जपायचे ते वाळण्यापासून व त्याहूनही अधिक सूक्ष्मजीवांपासून.

हवा तोडण्याचे तत्त्व पंचवटीतील आणि जुन्या नाशकातील वाड्यांना अपरिचित नव्हते. कळीचा चुना विरवून तो पाण्याच्या थराखाली ठेवला की हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तो दगडासारखा न होता वर्षानुवर्षे मऊ राहतो, किंबहुना अधिक गुळगुळीत होतो. तीन वर्षे न मुरलेला चुना ठेकेदाराने वापरू नये असा प्राचीन रोमचा दंडक असल्याची नोंद प्लिनीने केली आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यात सूक्ष्मजीव वाढत नाहीत. खडूच्या भुकटीत सरस मिसळून केलेला डिस्टेंपर मात्र उन्हाळ्यात लवकर कुजू लागे, कारण सरस हा प्राणिज पदार्थ आहे. आजचे इमल्शन या दृष्टीने चुन्यापेक्षा त्या डिस्टेंपरच्या जवळचे आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली जात नाही.

ऑइल पेंटचा विचार तुलनेने सोपा आहे. चार लिटरचा डबा अर्धा रिकामा झाला की त्यात दोन लिटर हवा भरलेली असते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू असतो आणि झाकण कितीही घट्ट बसवले तरी तो रंगावर पापुद्रा धरण्यास पुरेसा ठरतो. म्हणून उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा लहान, कोरड्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत काढावा, आणि झाकण लावण्यापूर्वी रंगाच्या पृष्ठभागावर बटर पेपरचा गोल तुकडा टेकवावा किंवा चमचाभर टर्पेंटाइन न ढवळता वर सोडावे. इतके करूनही पापुद्रा आलाच तर तो कडेने सुरीने कापून अखंड उचलावा; ढवळून मोडला तर त्याचे कण रंगभर पसरतात. असा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळला की तो पुन्हा वापरता येतो.

इमल्शनच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि घरोघर वाया जाणारा बहुतेक रंग हाच असतो. त्याला योग्य दाटपणा यावा म्हणून त्यात सेल्युलोजपासून केलेली द्रव्ये घातलेली असतात. ही द्रव्ये जिवाणूंचे खाद्य असल्याने उत्पादक त्यात जिवाणुरोधकही घालतो, परंतु त्याचे प्रमाण बंद डब्यातील, पाणी न घातलेल्या रंगासाठी ठरवलेले असते. रंगारी टाकीतले पाणी घालून रंग पातळ करतो, तेव्हा जिवाणुरोधक विरळ होते आणि पाण्याबरोबर नवे जिवाणूही येतात. त्यातच दिवसभर भिंतीवर फिरलेला रोलर व ब्रश पुट्टीची भुकटी आणि धूळ डब्यात आणून सोडतात. काही महिन्यांत जिवाणूंची विकरे दाटपणा देणारे द्रव्य तोडतात, रंग पाण्यासारखा पातळ होतो, वायूने झाकण फुगते आणि सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. असा रंग गाळून किंवा उन्हात ठेवून सुधारत नाही, आणि भिंतीला लावला तर खोलीतला वास बराच काळ जात नाही.

यावरून निघणारा नियम साधा असला तरी तो पाळून घ्यावा लागतो: कामापुरता रंग वेगळ्या भांड्यात ओतून त्यातच पाणी मिसळावे, मूळ डब्यात ब्रश बुडवू नये, आणि दिवसअखेर भांड्यात राहिलेला पातळ रंग मूळ डब्यात परत ओतू नये. यातील शेवटची सूचना काटकसरीच्या सवयीला रुचत नाही, पण वाटीभर रंग वाचवण्यासाठी दोन लिटर रंग पणाला लावण्यात काटकसर नाही. साठवणीसाठी घट्ट झाकणाचा स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा उत्तम, कारण पत्र्याच्या डब्याला आतून गंज चढला की त्याचे तपकिरी डाग रंगात उतरतात.

झाकण ज्या खोबणीत बसते ती पुसून कोरडी करणे हे अनुभवी रंगाऱ्याचे लक्षण मानावे. खोबणीत वाळलेला रंग झाकण नीट बसू देत नाही, म्हणून ती आधी पुसावी आणि मग झाकणावर लाकडाचा तुकडा ठेवून कडेकडेने हलके ठोकावे. डबा उलटा ठेवण्याची पद्धतही सांगितली जाते व तिने फट रंगानेच बुजते हे खरे. मात्र झाकण सैल असेल तर माळ्याची नासाडी होते, त्यामुळे ती सरसकट स्वीकारण्याजोगी नाही. दुकानातील यंत्राने पांढऱ्या बेसमध्ये रंगछटा मिसळून दिलेल्या डब्यावर शेडचा क्रमांक, बेस आणि मिश्रणाचा तपशील असलेली चिठ्ठी असते. रंग दुसऱ्या डब्यात काढताना ही चिठ्ठी, खोलीचे नाव आणि तारीख नव्या डब्यावर आली नाही, तर चांगला टिकलेला रंगही ओळखीअभावी पडून राहतो.

जागेबाबत थंड देशांतील सल्ला नाशिकला लागू पडत नाही. तेथे इमल्शन गोठून फुटण्याची भीती असते. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या घरात जातो आणि स्लॅबला लागून असलेला माळा ही घरातील सर्वांत तापणारी जागा ठरते. खनिज टर्पेंटाइनची वाफ साधारण तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान पेट घेण्याजोगी होते, तर लॅकरसाठी वापरले जाणारे थिनर त्याहूनही कमी तापमानाला, म्हणून हे डबे माळ्यावर, गॅस गिझरजवळ किंवा देवघराशेजारी कधीही ठेवू नयेत. आतल्या खोलीतील कपाटाचा खालचा कप्पा, मुलांच्या हाती न लागेल असा बंद करून, अधिक योग्य. पावसाळ्यात पत्र्याचा डबा फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या प्राणवायूशी होणाऱ्या संयोगाने आपोआप तापून पेटू शकतात, त्यामुळे त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

हार्डनर मिसळलेला पीयू किंवा इपॉक्सी रंग आणि पाणी घातलेला सिमेंट पेंट साठवता येतच नाही, कारण त्यांची घट्ट होण्याची क्रिया मिसळताक्षणी सुरू झालेली असते.

न वापरता येणारा रंग मोरीत ओतला तर त्याची वाट नासर्डी-वाघाडीसारख्या नाल्यांतून गोदावरीकडे जाते. थोडा उरलेला रंग वाळूत किंवा लाकडाच्या भुशात मिसळून उघड्यावर पूर्ण वाळू द्यावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत टाकून दिलेले रंगाचे डबे हा घरगुती घातक कचरा म्हणून नमूद केला होता; असे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून घंटागाडीकडे द्यावेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने उरलेला रंग परत घेण्याची जबाबदारी २००९ च्या कायद्याने उत्पादकांवर टाकली. गोदाकाठच्या शहरानेही तशी व्यवस्था मागायला हवी.

जुन्या ऑइल पेंटच्या बाबतीत मात्र साठवणीचा आग्रह सोडून द्यावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपुरते मर्यादित करणारा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी बनलेल्या, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, तांबड्या व हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे बरेच असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे. डब्यावरील उत्पादनाची तारीख त्याआधीची असेल किंवा वाचताच येत नसेल, तर रंग कितीही ताजा दिसला तरी तो पाळण्याला, खेळण्याला वा खिडकीच्या गजांना लावू नये.