तीन गाड्या आणि एक ऑइल कूलर

राजस्थानात पोस्टिंग आली की गावाकडून पहिला फोन येतो, "उन्हाळ्याचं कसं करता?" माणूस करतो कसंही. सावली शोधतो, डोक्याला ओला पंचा गुंडाळतो, पाणी मागतो. इंजिनाला मागता येत नाही. याच पट्ट्यात फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा मुलखात व्हेईकल मेकॅनिकची नोकरी म्हणजे निम्मी लढाई उष्णतेशीच. आमच्या ईएमईचं ब्रीद 'कर्म ही धर्म' आहे, आणि वाळवंटात त्यातलं बरंचसं कर्म गाड्या थंड ठेवण्यात जातं.

आज मात्र फौजेच्या गाडीबद्दल लिहीत नाही. एका छोट्या मोटरसायकलीबद्दल लिहितो.

जैसलमेरच्या बाजूला एक रिटायर्ड सुभेदार साहेब राहतात. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून घरी आले. पेन्शन विकून जो पैसा हाती आला, त्यातून त्यांनी तीन पिट बाइक घेतल्या. स्वतःच्या वाळूच्या जमिनीवर टायर पुरून ट्रॅक आखला. ऑक्टोबर ते मार्च पर्यटक येतात, पैसे देऊन चकरा मारतात. या गाड्यांना नंबर नसतो, रस्त्यावर नेता येत नाहीत. चालतील तेवढं त्याच ट्रॅकवर. मागच्या मार्चमध्ये त्यातल्या एकीचं इंजिन ऐन गर्दीत सीझ झालं. पिस्टन, रिंगा, सिलिंडर, सगळं गेलं. पार्ट येईपर्यंत सीझन संपला. पेन्शनीवर घर चालतं, पण धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हिशेब या तीन गाड्यांवर होता.

ऑक्टोबरात एका रविवारी भेट झाली तेव्हा साहेबांनी खोका पुढे ठेवला. "हवलदार साब, ये लगा दो. दो और मंगवा रहा हूँ." आत ऑइल कूलरचं किट होतं. ॲल्युमिनियमची छोटी जाळी, दोन होज पाइप, चार बॅन्जो बोल्ट, वॉशरची पुडी. मी म्हटलं, "साब, लगाऊंगा. पहले देखने दो, बुखार किसको है." पैशाचा प्रश्नच नव्हता. ड्यूटीबाहेर असं काम चहा आणि बाजरीच्या रोटीवरच करायचं असतं.

ज्यांनी पिट बाइक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेसच्या मैदानावर पिटमध्ये इकडून तिकडे जायला ज्या बुटक्या गाड्या वापरत, त्यांचं हे नाव. आता त्यांच्याच शर्यती होतात. यातल्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांचं इंजिन होंडाने १९५८ साली आणलेल्या सुपर कबच्या घाटाचं असतं, सिलिंडर जवळजवळ आडवा. आपल्याकडच्या सीडी १०० आणि स्प्लेंडरचं इंजिन याच घराण्यातलं, म्हणून कुठल्याही तालुक्याच्या मेकॅनिकला ते ओळखीचं वाटतं. फरक एवढाच की जे इंजिन मुळात ५० सीसीचं होतं, त्याच आकारात आता १२५, १४०, १६० सीसी बसवतात. ताकद वाढते तशी उष्णताही वाढते. ऑइल मात्र लिटरभरापेक्षाही कमीच मावतं. तेवढ्याच ऑइलने पिस्टन, कॅम, गिअर आणि क्लच सगळ्यांना सांभाळायचं.

वर वाळू. वाळूत गाडी सावकाश चालते आणि इंजिन जोरात फिरतं. नवशिका अर्धा क्लच दाबूनच ठेवतो. एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागतो, आणि पंधराच्या स्पीडला वारा कुठून येणार? जुन्या फौजींना गाडीला लटकवलेली कॅनव्हासची छागल आठवत असेल. गाडी पळत असली की पाणी गार, गाडी उभी राहिली की कोमट. छागलीत पाणी बाष्प होऊन गार होतं, कूलरमध्ये तसं काही नाही, पण वाऱ्याची गरज दोघांना सारखीच.

आम्ही आधी मोजलं. ऑइलच्या डिपस्टिकच्या जागी बसणारा डायलचा थर्मामीटर मिळतो, तो आणला. एकच स्वार, साहेबांचा पुतण्या. तोच ट्रॅक, वीस मिनिटं. बाहेर अडतीस अंश. तिन्ही गाड्या एकामागून एक काढल्या.

पहिली १४८ वर गेली. साधं मिनरल ऑइल १३० च्या पुढे फार वेळ राहिलं की पातळ होतं, लवकर जळतं. म्हणजे ताप खराच होता. पण खाली वाकून पाहिलं तर टॅपेट कव्हरचा ओ-रिंग गळत होता, आणि त्या ऑइलात वाळू बसून सिलिंडरचे फिन लिंपल्यासारखे भरले होते. चूल लिंपतात तसे. ओ-रिंग बदलला, रॉकेल आणि ब्रशने फिन मोकळे केले, गाडी पुन्हा पळवली. १२९. हिला कूलर नको होता, आंघोळ हवी होती.

दुसरीचा काटा १३१ वर थांबला. साहेब खूश झाले, मी नाही. सोडताना सायलेन्सर फुटत होता, आयडलिंग वरखाली होत होतं. प्लग काढला तर पांढरा फटक. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या रबराला बारीक चीर होती, तिथून चोरून हवा आत जात होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, त्यामुळे पिस्टनचा माथा तापतो. थर्मामीटर खालच्या ऑइलात बसलेला असतो, त्याला ते पूर्ण दिसत नाही. मार्चमध्ये सीझ झालेली गाडी हीच. नवीन सिलिंडर बसवताना रबर जुनंच राहिलं होतं. हिला कूलर लावला असता तर काटा अजून खाली आला असता, सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि पिस्टन पुन्हा गेला असता.

तिसरी १४० सीसीची, वजनदार गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली. फिन स्वच्छ, प्लग विटकरी, टॅपेट बरोबर, ऑइल ताजं. तरी १४४. हिचं आजारपण म्हणजे हिचं कामच होतं. कूलर हिच्यासाठी.

आता बसवण्याबद्दल, कारण काही वाचक हे स्वतः करतील.

या इंजिनात उजव्या बाजूला कूलरसाठी दोन बंद बोल्ट दिलेले होते. ते काढून एका भोकातून हवा मारली, तर दुसऱ्यातून आली. म्हणजे दोन्ही आतून जोडलेली. ऑइल सोप्या वाटेने जातं. आतली वाट उघडी राहिली तर कूलरमध्ये थोडंसंच फिरेल. या किटचा लांब बोल्ट ती वाट बंद करत होता. प्रत्येक इंजिनात तसं असेलच असं नाही, म्हणून हवा मारून पाहायचंच. आणि वाट बंद केली की हेडला जाणारं सगळं ऑइल कूलरमधून जाणार. तो तुंबला तर कॅम कोरडा. नव्या कूलरमधून मी रॉकेल फिरवलं, तेव्हा फडक्यावर ॲल्युमिनियमचा बारीक कीस पडला. तो तसाच आत गेला असता तर ऑइलच्या वाटेनेच कॅमपर्यंत पोचला असता.

कूलर फ्रेमच्या पुढच्या नळीवर, रबराच्या बुशात बसवला. थेट इंजिनावर कसला तर थरथरीने जोड तडकतात. होज सायलेन्सरच्या बेंडपासून लांब नेले, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे ताण येत नाही ना ते पाहिलं, पुढे खड्यांसाठी जाळी लावली. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, तिथे लांब पाना वापरायचा नाही. प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा, हे ईएमईत पहिल्या वर्षीच शिकवतात.

सुरू करण्याआधी कूलर ऑइलने भरून घेतला. प्लग काढून, टॅपेटचं झाकण उघडून पुतण्याला किक मारायला लावलं. वर ऑइल ओलं दिसेपर्यंत इंजिन चालू केलं नाही. मग दोन मिनिटं चालवून पातळी पुन्हा पाहिली, थोडं ऑइल वाढवलं. क्लच याच ऑइलात भिजतो, म्हणून डब्यावर जासो एमए लिहिलेलं ऑइलच घ्यायचं.

संध्याकाळी तोच ट्रॅक, वीस मिनिटं. १२५. दुपारपेक्षा हवा चार अंशांनी उतरली होती, तेवढं त्यातून वजा धरायचं. तरी पंधरा अंश कूलरचे. गाडी चालू ठेवून उभी केली आणि काटा हळूहळू वर चढू लागला.

साहेब म्हणाले, "अब तो बिना रुके चला सकते हैं?" मला याचीच भीती होती. गिऱ्हाईक रांगेत उभं असतं, गाडी उभी ठेवली की पैसा उभा राहतो. कूलर लागला की मालकाला वाटतं, सुट्टी मिळाली. मी त्यांना रूट मार्चची आठवण दिली. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं हॉल्ट. जवान दमलाय का हे हॉल्टच्या वेळी कुणी विचारत नाही, कारण विचारायची वेळ आली म्हणजे उशीर झालेला असतो. साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग आत जाऊन मुलीची जुनी वही घेऊन आले आणि पहिल्या पानावर रेघा मारल्या: गाडी नंबर, वेळ, काटा, सही. वीस मिनिटं चक्कर, दहा मिनिटं इंजिन बंद. तिन्ही गाड्यांना एकच नियम, कूलर असो वा नसो.

उरलेली दोन किट मागवली नाहीत. त्या पैशात तिन्ही गाड्यांची इनटेक रबरं, ओ-रिंग आणि एक जादा पिस्टन-रिंग सेट आला. डिसेंबरात इथल्या रात्री पाच अंशांच्या आसपास जातात. ऑइल गरमच झालं नाही तर त्यातली वाफ आणि पेट्रोल उडत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या चकरेला कूलरवर टाकायला कॅनव्हासचा तुकडा शिवून दिलाय.

पुढच्या रविवारी बॅन्जो बोल्ट पुन्हा तपासायला जाणार आहे. पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर वॉशर बसतात, आणि गळती लागायची तर तेव्हाच लागते. वहीही बघेन. आतापर्यंत त्यात एकोणतीस सह्या झाल्यात, असं साहेबांनी फोनवर सांगितलं.