दोन रात्रींचा मुक्काम

शासकीय सेवेच्या चौतीस वर्षांत मी किती दौऱ्यांचे कार्यक्रम आखले याची मोजदाद नाही. मंत्र्यांचे, सचिवांचे, तपासणी पथकांचे. कागदाच्या डाव्या बाजूस वेळ, मध्ये ठिकाण, उजवीकडे तपशील : प्रस्थान, आगमन, भेट, मुक्काम. कोणाला मधुमेह आहे, कोणाला तळमजल्यावरचीच खोली लागते, कोणाच्या चहात साखर नको, हेही मला पाठ असे. मात्र या साऱ्या काळात घरच्या माणसांसाठी असा एकही कागद मी तयार केला नाही. गेल्या कार्तिकात प्रथमच तसा बसलो. सवयीने वर लिहिले, ‘दौरा कार्यक्रम : शिवपुरी, दोन रात्री’. खालच्या ओळीत मान्यवरांचे नाव यायचे असते. तेथे लेखणी थोडी अडखळली. मग लिहिले, ‘दादा’.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. जन्मभर त्यांनी महाविद्यालयात गणित शिकवले. पावकी, निमकी, पाउणकी आजही न अडता म्हणतात, पण सकाळी जेवणात काय होते ते दुपारी सांगता येत नाही. वैद्यकीय भाषेत या व्याधीला नाव आहे, आणि ते आता घरोघर ऐकू येते. वहिनी मात्र ते नाव उच्चारत नाहीत. ‘ह्यांचं अलीकडचं पुसत चाललंय’ एवढेच म्हणतात.

दिवाळीला आम्ही सारे त्यांच्या लष्करातल्या घरी जमलो होतो. फराळाची ताटे फिरत होती. अनारसा हातात तसाच धरून दादांनी मला विचारले, “अण्णांची राहुटी वाळत घातलीस का? दमट ठेवली तर कुजते.” अण्णा, म्हणजे आमचे वडील, १९८८ साली गेले. राहुटी तर त्याच्याही आधी सरकारजमा झालेली. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग वहिनींनी शांतपणे सांगितले, “घातली आहे.” दादा समाधानाने अनारसा खाऊ लागले. मी निघालो तेव्हा दारापर्यंत सोडायला येऊन वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांना एकदा शिवपुरीला नेऊन आणू या. सारखे तिथलंच बोलतात. पुढच्या वर्षी तेवढंही राहील की नाही, कोण जाणे.”

शिवपुरी म्हणजे पूर्वीची सिप्री, ग्वाल्हेर दरबाराची उन्हाळी राजधानी. आपल्याकडच्या जुन्या घरांतून तिच्या आठवणी अजून निघतात. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते आणि १९६५ नंतरची तीन-चार वर्षे त्यांची नेमणूक तेथे होती. माधवराव महाराजांच्या काळात, १९१८ साली, मणिहार नदी अडवून तेथे तलाव बांधले गेले. त्यांतल्या सख्यासागराला महाराजांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव आहे. हिवाळ्यात बांधाची पाहणी व डागडुजी चाले, आणि अण्णांची राहुटी चार-पाच दिवस काठावर उभी राही. नाताळच्या सुट्टीत ते आम्हा दोघांना सोबत नेत. दादा सतरा वर्षांचे, मी आठ. दिवसा अण्णा झाडांची ओळख करून देत. उन्हाळ्यात वाळून खडंग दिसणारी करधई हवेत नुसती ओल आली तरी पालवते, हे त्यांनी सांगितलेले मला आजही आठवते. रात्री मात्र मला बाहेरच्या प्रत्येक आवाजाची भीती वाटे. तलावात मगरी होत्या, आजही आहेत. लघुशंकेला जायचे तर एकट्याने जायचे नाही, असा अण्णांचा दंडक होता. पण दादांना हाक मारायचीही मला लाज वाटे. हे ओळखून दादांनी पायजम्याची एक जुनी नाडी घेतली, एक टोक माझ्या मनगटाला बांधले, दुसरे स्वतःच्या. म्हणाले, “बोलू नकोस. नुसतं ओढ.”

असो. कार्यक्रमाकडे वळतो. माझा पहिला मसुदा अनुभवी अधिकाऱ्याला शोभेल असाच होता. तीन दिवसांत अकरा स्थळे! सकाळी सहाला प्रस्थान, वाटेत न्याहारीसाठी वीस मिनिटे. नरवरचा किल्ला, सुरवायाची गढी, भुराखोचा धबधबा, तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिले ते स्थान, शिंद्यांच्या छत्र्या, उद्यानात सकाळची फेरी आणि दुपारचीही. वहिनींनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि पेन्सिल मागितली. एकेक नाव खोडत त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही ह्यांची तपासणी काढलीत की काय? ह्यांना एक तलाव पुरे.” छत्र्या तेवढ्या त्यांनी राहू दिल्या. समोरासमोर उभ्या असलेल्या त्या मायलेकरांच्या छत्र्यांत मूर्तींची रोजची सेवा जिवंत माणसासारखी होते, ही परंपरा त्यांनी माहेरी ऐकली होती.

दुसरी हरकत पुण्याहून आली. पुतण्याने फोनवर स्पष्ट सांगितले, “काका, अशा रुग्णांना जागा बदलली की त्रास होतो. रात्री उठून बाबा कुठे निघाले तर? आणि ते तंबूत झोपायचं म्हणतायत!” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दादा खरोखरच राहुटीचा हट्ट धरून बसले होते. मी दोन दिवस गप्प राहिलो. मग सेवेत शिकलेली एक गोष्ट केली : अडचणी एका खाली एक लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे तिचा उपाय.

पहिली अडचण राहुटीचीच. अण्णांचा काळ आता नाही. माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले : देशातले अठ्ठावन्नावे, मध्य प्रदेशातले नववे. त्याआधी मार्च २०२३ मध्ये येथे बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले. माणसे व प्राणी यांच्यामध्ये तेरा किलोमीटरची दगडी भिंतही झाली आहे. सख्यासागराला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अशा ठिकाणी कोणी उठून काठावर राहुटी ठोकील हे शक्य नाही आणि तसे होऊही नये. तेव्हा पहिली रात्र पर्यटन विभागाच्या निवासात, पक्क्या भिंतींत, तळमजल्यावर. दुसरी रात्र माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी. गावाच्या कडेला त्याचे घर आहे आणि अंगणाला चांगली उंच भिंत आहे. त्या भिंतीच्या आत तंबू. फाटकाला कुलूप, किल्ली वहिनींजवळ.

दुसरी अडचण थंडीची. पौषात उघड्या जिप्सीत सकाळी वारा हाडांपर्यंत जातो. म्हणून कानटोपी, दोन घोंगड्या, गरम पाण्याची पिशवी. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, भडक नकोत. प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र लागते. ते मी माझ्याच खिशात ठेवणार, कारण दादा हल्ली कागद पुस्तकांत ठेवून विसरतात. औषधे वेळेनुसार तीन निरनिराळ्या डब्यांत. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात नाव व माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वहिनी शिवून देणार आहेत. खाण्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि मुरैन्याची गजक. आग्रा-मुंबई रस्त्याने लष्करापासून शिवपुरी सुमारे एकशे पंधरा किलोमीटर. सकाळी नऊला निघून दोन ठिकाणी थांबत जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचायचे. पहाटेचे प्रस्थान रद्द.

उद्यानातली फेरी एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी. वाघ दिसेल अशी आशा मी कोणाला दाखवलेली नाही. चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा दिसण्याचा संभव अधिक. हिवाळ्यात दूरदेशीची बदके तलावावर उतरतात. ऊन चढू लागले की मगरी काठावर येऊन पडतात, कारण रात्रभर गारठलेले अंग तापवायला त्यांना उन्हाचाच आधार. दादांना मगरी दाखवता आल्या तरी दौरा सफल झाला असे मी समजेन.

याच फेरीत ‘जॉर्ज कॅसल’ लागते. उद्यानातल्या सर्वांत उंच जागी माधवराव महाराजांच्या काळात, १९११ साली, ते उभे राहिले. बादशहा पंचम जॉर्ज शिकारीसाठी येणार आणि एक रात्र तेथे राहणार, म्हणून एवढी वास्तू बांधली. पण बादशहांना वाघ वाटेतच मिळाला आणि ते तेथे मुक्कामास आलेच नाहीत, असे सांगतात. लहानपणी अण्णांनी ही हकीकत सांगितली तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कागद पुढे घेऊन बसलो असताना ती आठवली आणि हसू आले नाही. व्यवस्थेत कोठेही उणे नव्हते, फक्त रात्र राहून गेली. दादांना घेऊन जायचे हे मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षापासून म्हणत होतो. आधी मुलीचे लग्न, मग माझे मोतीबिंदू, मग रस्ता खराब, मग पुढल्या हिवाळ्यात नीट बेत करू. त्या सात वर्षांत दादांच्या जवळ किती होते आणि आज किती उरले आहे, याचा हिशेब मी करीत नाही.

तरी पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच होते : रात्री उठून निघाले तर? त्यावर आम्ही आधी रंगीत तालीम घेण्याचे ठरवले. विशेष म्हणजे तंबू पुतण्यानेच पुण्याहून पाठवला. हलका, नायलॉनचा, दोन काड्यांवर उभा राहणारा. दादांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “याचा खांब कुठे आहे?” खांब नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण रात्री वाड्याच्या चौकात आत गाद्या घातल्या, कंदील टांगला, तेव्हा ते मुकाट्याने आत येऊन बसले. वहिनींची खाट ओसरीवर, हाकेच्या अंतरावर.

मी खिशातून नाडी काढली आणि त्यांच्या मनगटाला बांधू लागलो. त्यांनी हात मागे घेतला. थोडा वेळ नाडीकडे पाहिले, मग ती माझ्या हातातून घेतली. एक टोक माझ्या मनगटाला बांधले. गाठ घट्ट झाली नाही ना, हे बोट घालून पाहिले. दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला. म्हणाले, “मगरी असतात. बोलू नकोस, नुसतं ओढ.”

रात्री दोनच्या सुमारास मनगटाला ओढ बसली. दादा उठून बसले होते आणि आपण कोठे आहोत हे त्यांना कळत नव्हते. मी त्यांना धरून न्हाणीघराकडे नेले व परत आणले. ओसरीवर वहिनी उठून बसल्या होत्या, पण त्या काही बोलल्या नाहीत. पांघरूण घेताना दादांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून विचारले, “भ्यायलास का रे?” मी “नाही” म्हणालो. ते लगेच झोपले. मला मात्र उजाडेपर्यंत झोप आली नाही.

सकाळी पुतण्याला सारे कळवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “मीही येतो, काका. गाडी मी चालवीन.” मी कार्यक्रमात दुरुस्ती केली : एकूण व्यक्ती चार होत्या, आता पाच.

एक शंका तरीही मनात होती, आणि ती मी वहिनींजवळ बोलून दाखवली. इतके करून नेले आणि दादांनी तलाव ओळखलाच नाही तर? वहिनी तांदूळ निवडत होत्या. ताटावरून नजर न काढता म्हणाल्या, “नाही ओळखला तर नव्याने बघतील. चांगलाच आहे की तो.”

पौषातला दिवस ठरला आहे. कागद आता स्वच्छ लिहून काढला आहे. पहिल्या दिवशी छत्र्या, दुसऱ्या दिवशी उद्यान आणि तलाव. तिसऱ्या दिवसासमोर, माझ्या साऱ्या सेवाकाळात कधी केले नाही ते केले : जागा कोरी ठेवली. सोबतच्या सामानाच्या यादीत शेवटची नोंद आहे, ‘सुती नाडी, चार हात, एक नग’. वहिनींनी पेन्सिलीने एकावर काट मारून ‘दोन’ केले आहेत. एखादी हरवली तर हाताशी असावी म्हणून.