रजेच्या काळातला कार्यभार

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नवे अधिष्ठाता येतात तेव्हा लोकांना पुष्पगुच्छ दिसतात, आम्हा आस्थापना शाखेतल्यांना कागद दिसतात. मंत्रालयाचा आदेश, संचालनालयाचं पत्र, रुजू अहवाल, पदभार हस्तांतरणाचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर जाणाऱ्याची सही आणि येणाऱ्याची सही शेजारी शेजारी, आणि वर एक महत्त्वाची नोंद: मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर. जेवणाच्या सुट्टीअगोदर पदभार दिला की नंतर, यावर त्या दिवसाचा पगार कुणाच्या नावे निघणार ते ठरतं. मोठमोठे शल्यविशारद इथे चुकायचे. मग आम्ही खोडरबर घेऊन धावायचो.

धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचं. नाव मालेगावच्या हिरेंचं, मुंबई राज्यात महसूलमंत्री राहिलेल्या. कचेरीत लिपिकालाही 'भाऊसाहेब'च म्हणतात, त्यामुळे नवीन माणसाची सुरुवातीला गंमत व्हायची. महाविद्यालय सुरू झालं तेव्हा हा मुलूख पुणे विद्यापीठाखाली होता, १९९० पासून जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, आणि १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं तशी सगळी वैद्यकीय महाविद्यालयं तिकडे गेली. विद्यार्थ्याला यातलं फारसं कळत नाही. आमच्याकडे मात्र पत्रव्यवहाराच्या फायली नव्यानं बांधायला लागतात.

नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. दयानंद डोणगावकर. पुढे डॉ. मृदुला फडके, डॉ. अरुण जामकर, डॉ. दिलीप म्हैसेकर, आणि २०२१ मध्ये लष्करातून निवृत्त झालेल्या लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर. प्रत्येक नेमणुकीच्या वेळी आमच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र गेलं आणि त्यातली बरीचशी मी टंकलिखित केली. २००८ साली डॉ. तात्याराव लहानेंना पद्मश्री मिळाली तेव्हा तर चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लातूरकडच्या खेड्यातला पोरगा, आईची किडनी घेऊन जगलेला. आमच्या शिपायालासुद्धा तो सन्मान घरचा वाटला.

अक्षर बरं म्हणून मानपत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे कायमचं आलं. स्वागत, निरोप, पुरस्कार, एक जुलैचा डॉक्टर्स डे. बिधानचंद्र रॉय त्याच तारखेला जन्मले आणि त्याच तारखेला गेले, हे वाक्य मी दरवर्षी नव्यानं सजवायचो. मानपत्राची भाषा एकदा हाताला बसली की माणूस समोर असण्याची गरजच उरत नाही. 'आपल्या कुशल नेतृत्वाखाली' एवढं लिहिलं की पुढची चार वाक्यं आपोआप येतात. ज्यांच्यासाठी ही भाषा मला कधी कामी आली नाही, त्या सरांविषयी लिहायचं आहे.

सर विकृतीशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे कोकणातले. धुळ्यात बदली झाली की लोक पहिल्या आठवड्यात परतीचा अर्ज देतात. सरांनी दिला नाही, एवढं मला ठाऊक आहे कारण अर्ज माझ्याच टेबलावरून गेला असता. अधिष्ठात्यांच्या खोलीतल्या नामफलकावर त्यांचं नाव नाही. ते अधिष्ठाता झालेच नाहीत. साहेब रजेवर गेले, मुंबईला बैठकीला गेले, की कार्यभार सेवाज्येष्ठतेनं सरांकडे यायचा. कधी तीन दिवस, कधी पंधरवडा. सहीच्या खाली 'अधिष्ठाता यांचेकरिता' असा शिक्का.

रजेच्या काळातला कार्यभारी सहसा कागदाला हात लावत नाही. 'साहेब आल्यावर बघतील' म्हणायचं आणि चहा मागवायचा, ही रीत आहे आणि त्यात कुणाला गैरही वाटत नाही. सर उलटे. ते पहिल्याच दिवशी प्रलंबित फायलींचा गठ्ठा मागवायचे. धोरणाच्या, खरेदीच्या फायली बाजूला ठेवायचे, त्या साहेबांच्या. पण वॉर्डबॉयचा भविष्य निर्वाह निधीतला अग्रिम, परिचारिकेची प्रसूती रजा, सफाई कामगाराच्या विधवेचं निवृत्तिवेतन प्रकरण, हे संध्याकाळपर्यंत निकाली. एकदा त्या गठ्ठ्यात माझाच अग्रिमाचा अर्ज होता, वडिलांच्या मोतीबिंदूसाठी. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, स्वतःची फाईल सगळ्यात खाली ठेवलीत?"

मी म्हटलं, "बरं दिसत नाही, सर."

त्यांनी सही केली आणि पुढची फाईल उघडली.

पण माझं खरं देणं निराळं आहे. माझं घर साक्रीत, कान नदीपासून हाकेच्या अंतरावर. गाव मात्र वर पिंपळनेरच्या पुढे, वार्सा-कुडाशीच्या अंगाला. आम्ही कोकणा आदिवासी. बहिणीचा मोठा मुलगा लहानपणापासून हाडं धरून रडायचा. थंडी पडली, पावसात भिजला की चार-चार दिवस निजत नसे. डोळे पिवळे व्हायचे म्हणून काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं, भगताकडे जाऊन आलो, खाजगीत सलाइनं झाली. आई एकच सांगायची, "पोरनी हाडं दुखतस." मी वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला असून हे मला तिथे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आपलं घरचं दुखणं साहेबलोकांपुढे कशाला काढायचं, असा आमचा स्वभाव.

सरांनीच एकदा माझ्या रजेचं कारण विचारलं. दुसऱ्या आठवड्यात पोरगा त्यांच्या प्रयोगशाळेत बसलेला होता. बोटातून रक्ताचा थेंब, तो एका नळीतल्या द्रावणात. पाच मिनिटांनी सरांनी नळी उचलली आणि काळ्या रेघा मारलेल्या कागदापुढे धरली. शेजारी दुसरी नळी होती, तंत्रज्ञाच्या स्वतःच्या रक्ताची. तिच्यातून मागच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. भाच्याच्या नळीतून रेघा दिसत नव्हत्या, सगळं गढूळ.

"सिकलसेलचं हिमोग्लोबिन या द्रावणात विरघळत नाही," सर म्हणाले. "पण हा रुग्ण आहे की नुसता वाहक, ते ही नळी सांगत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागेल." मग माझ्याकडे वळून, "तुमचंही रक्त द्या."

माझी नळीही गढूळ निघाली. पुढच्या तपासणीत भाचा रुग्ण ठरला, मी वाहक. बहीण वाहक, मेव्हणे वाहक. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, हे सरांनी बहिणीला कागदावर चार गोल काढून समजावलं. ती शाळेत गेलेली नाही. तिनं चौथ्या गोलावर बोट ठेवून विचारलं, "हाऊच का मना पोऱ्या?" सरांना अहिराणी येत नव्हती, पण तेवढं कळलं. त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचं सांगायला घेतलं: पाणी भरपूर प्यायला द्या, थंडीत अंगावर कपडा, ताप आला तर घरी थांबू नका, फोलिक ॲसिडची गोळी रोज. हायड्रॉक्सियुरियाचं औषध नंतर सुरू झालं.

त्यानंतर सर आमच्या पट्ट्यात तपासणीला यायला लागले. रविवारी, बहुतेक वेळा एसटीनं. कुसुंबा, नेर, शेवाळी फाटा करत साक्रीला उतरायचे, तिथून पुढे मी आणि कुणाची तरी जीप. जनजागृतीसाठी वरून भित्तिपत्रकं आली होती, त्यांवर छापलेलं: लग्नाआधी कुंडली नको, रक्त जुळवा. सरांनी ते पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "चालेल ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "सर, आमच्यात कुंडली बघतंय कोण?"

ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग त्यांनी मलाच लिहायला बसवलं. आमच्याकडे लग्न ठरतं ते पंचांसमोर देज, म्हणजे वधूमूल्य, ठरतं तेव्हा. म्हणून मी लिहिलं की देज ठरायच्या आधी दोघांचं रक्त तपासा. हातानं लिहिलेलं, झेरॉक्स काढलेलं ते पत्रक वार्सा भागात घरांच्या कुडाला चिकटलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आयुष्यभर लिहिलेल्या मानपत्रांपैकी एकही कुणी भिंतीला लावलेलं मला आठवत नाही.

पुढे एका पुरस्कारासाठी विभागांकडून प्रस्ताव मागवले गेले. सरांचा प्रस्ताव मीच तयार केला, त्यांच्याच संमतीनं. ते नको नको म्हणाले असते तर ही गोष्ट सांगायला जास्त शोभली असती. पण त्यांना तो हवा होता. शोधनिबंधांची यादी त्यांनी दोनदा तपासून दिली, एका ठिकाणचं चुकलेलं साल स्वतः दुरुस्त केलं. नंतर महिनाभरानं आवक-जावकजवळून जाताना, सहज विचारल्यासारखं, "काही उत्तर आलं का हो भाऊसाहेब?" उत्तर आलं नव्हतं, आलंही नाही. त्या वर्षी तो सन्मान दुसऱ्या एका डॉक्टरांना मिळाला, तेही लायकच होते. सत्काराच्या दिवशी ज्येष्ठ म्हणून मानपत्र वाचायचं काम सरांकडे आलं. मी लिहिलेलं, त्यांनी वाचलेलं. आवाज खणखणीत. एक अलंकारिक वाक्य मात्र त्यांनी वाचताना गाळलं, आणि ते गाळायच्याच लायकीचं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा रुग्णालयाची चक्करबर्डीला हलवाहलव चालू होती. निरोपसमारंभ विभागातच झाला, वडा आणि चहा. मला मानपत्र लिहायला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही; त्या भाषेत त्यांच्याविषयी एक ओळही सुचली नसती. त्यांच्या सेवापुस्तकातली शेवटची नोंद मात्र मी केली. 'मध्यान्होत्तर.'

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. मी तोवर निवृत्त होऊन साक्रीत घरी होतो, बातम्यांत पाहत होतो. संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांचं वय झालंय, कानाला यंत्र आहे, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात. अभियानाबद्दल एक शब्द नाही. भाच्याचं लग्न ठरल्याचं त्यांना मी आधी कळवलं होतं.

"मुलीचं रक्त झालं का?"

"झालं सर. निर्दोष आहे."

"कागद बघितलात तुम्ही? स्वतः?"

"बघितला."

"इलेक्ट्रोफोरेसिसचा ना? नुसती नळी नाही?"

"इलेक्ट्रोफोरेसिसचा, सर."

"बरं. आता देज ठरवा."